सॅकचे पट्टे मानेला चावतात की खांद्यावरून घसरतात? अंतर, उंची आणि लांबी कुठल्या क्रमाने लावायची

रविवारी सकाळी नाशिकजवळच्या हरिहर गडावर गेलात तर वाटेवरच्या पोरांकडे जरा बघा. बरेच जण दोन्ही अंगठे सॅकच्या पट्ट्यांत अडकवून चालत असतात. ती स्टाईल नसते. पट्टे मानेला चावत असतात म्हणून अंगठ्याने ते बाहेर ओढून धरलेले असतात, आणि आपण असं करतोय हे त्यांच्या लक्षातही येत नाही. दुसरा प्रकार म्हणजे दर पाच मिनिटांनी खांदा उडवून पट्टा वर घेणारा. पहिल्याचे पट्टे एकमेकांच्या फार जवळ आहेत, दुसऱ्याचे एकमेकांपासून फार लांब. आणि दोघंही उपाय एकच करतात, खालचं टोक धरून खस्सकन ओढतात.

घोळ इथेच आहे. पट्ट्याच्या तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात. अंतर म्हणजे वरच्या बाजूला दोन पट्टे एकमेकांपासून किती लांब बसवलेत ते. उंची म्हणजे पट्टे पाठीच्या पॅनेलवर किती वर-खाली बसलेत ते. आणि लांबी म्हणजे काखेखालचं बक्कल, जे ओढलं की पट्टा आखूड होतो. आपण सगळे फक्त लांबीला हात लावतो कारण तीच हाताशी असते. अंतर चुकलंय आणि तुम्ही लांबी ओढताय, तर जो पट्टा मानेला घासत होता तो आता मानेत रुततो, बस.

मी स्वतः हे दीड-दोन वर्षं केलंय. नवीन ५० लिटरची सॅक, अंजनेरीला गेलो की मानेच्या दोन्ही बाजूंना लाल वळ. मी रुमाल गुंडाळून बघितला, पट्ट्यावर चढवायचं फोमचं कव्हर आणलं, सॅकला शिव्या तर रोजच. शेवटी पांडवलेणीच्या पायऱ्यांवर सोबतच्या एका वयस्कर ट्रेकर काकांनी सॅक काढायला लावली, पाठीमागचं पॅनेल उचलून आत हात घातला आणि म्हणाले, "अरे बाबा, पट्टा नको ओढू, पट्ट्याचं बूड सरकव." आत हातभर वेल्क्रो होतं. मला माहीतच नव्हतं.

आधी तयारी, ही टाळू नका

शिंप्याची टेप, शिंप्याचा खडू, एक स्टीलची फूटपट्टी आणि आरसा. सोबत एक माणूस हवाच, स्वतःच्या पाठीचं माप स्वतः घेता येत नाही, घेतलं तर चुकतं. वजनासाठी ५ किलो तांदळाची पिशवी चादरीत गुंडाळून ठेवा आणि १ लिटर पाण्याच्या दोन-तीन भरलेल्या बाटल्या घ्या. म्हणजे ७-८ किलो झाले, एका मुक्कामाच्या ट्रेकला एवढं होतंच.

अंगात जो टीशर्ट घालून चालणार तोच घाला. जाड जॅकेट घालून माप घेतलं की उन्हाळ्यात सगळं सैल, आणि कॉलरचा शर्ट घातला तर पट्टा मानेला लागतोय की कॉलरला हेच कळत नाही.

दुकानात सॅक घेताना पण हेच. नाशिकच्या मेन रोडला किंवा कॉलेज रोडला दुकानात रिकामी सॅक पाठीवर टाकून आरशात बघायचं आणि "मस्त बसतीये" म्हणायचं याला काही अर्थ नाही, रिकामी सॅक सगळ्यांनाच मस्त बसते. दुकानदाराला सांगा, आत काहीतरी वजन टाका. चांगला दुकानदार टाकतो. जो कुरकुर करतो त्याच्याकडे मी तरी घेत नाही.

तुमची सॅक कुठल्या प्रकारची आहे ते ओळखा

पट्टे वर जिथे बॅगेला जोडलेत तिथे बोटं घालून बघा.

शिवलेले पट्टे: कॉलेजच्या, ऑफिसच्या, लॅपटॉपच्या बहुतेक बॅगा याच. पट्टा थेट शिलाईत गेलेला असतो, अंतरही बदलत नाही आणि उंचीही नाही. यांच्यासाठी खाली वेगळा भाग आहे, तिथे जा, पण मापं घेण्याचा टप्पा वाचूनच जा.

वेल्क्रोवाले: पाठीच्या गादीमागे खिसा असतो आणि त्यात पट्ट्यांची टोकं वेल्क्रोने चिकटवलेली असतात. इथे एक गोष्ट नीट बघा. दोन्ही पट्टे सुटे आहेत की वर एकाच तुकड्याला जोडलेत? सुटे असतील तर अंतरही बदलतं आणि उंचीही. एकाच तुकड्यावर असतील तर तो तुकडा फक्त वर-खाली होतो, अंतर आहे तेच राहतं. दुकानात "फुल ॲडजस्टेबल आहे" असं जे सांगतात ते बऱ्याचदा फक्त उंचीबद्दल असतं, त्यामुळे विचारताना "दोन पट्ट्यांमधलं अंतर बदलतं का" असंच स्पष्ट विचारा.

शिडीवाले: पाठीवर नवार पट्टीच्या आडव्या पायऱ्या शिवलेल्या असतात आणि पट्टा कुठल्या पायरीत ओवायचा ते तुम्ही ठरवायचं. यात उंची बदलते. काहींमध्ये शेजारी-शेजारी दोन-तीन घरं असतात, मग अंतरही बदलतं.

टप्पा १: अंगाची मापं

मान पुढे वाकवा. मानेच्या मुळाशी मणक्याचं एक हाड टचकन वर येतं, ते बोटाने चाचपा आणि सोबतच्या माणसाला तिथे टीशर्टवर खडूची खूण करायला सांगा. मग दोन्ही हात कमरेवर ठेवा, अंगठे मागे, बोटं पुढे, शेजारची काकू भांडायला उभी राहते तसे. हाताला कमरेच्या हाडाची वरची कड लागेल. पोटावरची चरबी नाही, हाड. दोन अंगठ्यांना जोडणारी आडवी रेघ मणक्याला जिथे छेदते तिथे दुसरी खूण. आता मान सरळ करून या दोन खुणांमधलं अंतर टेप पाठीला चिकटवून मोजा. ही तुमच्या पाठीची लांबी. बहुतेक मोठ्या माणसांची ४० ते ५५ सेंटिमीटरच्या मध्ये कुठेतरी येते, आणि तिचा तुमच्या उंचीशी थेट संबंध नसतो. माझा मावसभाऊ माझ्यापेक्षा चार बोटं उंच आहे, पण त्याची उंची सगळी पायांत, पाठ माझ्यापेक्षा आखूड.

दुसरं माप खांद्याचं. मान जिथे खांद्याला मिळते तिथपासून खांद्याच्या टोकाच्या हाडापर्यंत टेप ठेवा. याचा मध्य काढा आणि तिथे खडूने खूण करा. दोन्ही खांद्यांवर. पट्ट्याची मधली रेघ याच खुणेवरून किंवा तिच्या जरा आतून जायला हवी. मानेच्या उतारावर नको आणि टोकाच्या हाडावरही नको, हाडावर आला की तो घसरणारच.

चेक: डाव्या-उजव्या मापात अर्ध्या-एक सेंटिमीटरचा फरक आला तर घाबरू नका, बऱ्याच जणांचा एक खांदा थोडा खाली असतोच. पण चार सेंटिमीटर आला तर तुमचं माप चुकलंय, परत घ्या.

टप्पा २: अंतर लावा, सॅक रिकामी असताना

हा टप्पा लोक एकतर करतच नाहीत किंवा सगळ्यात शेवटी करतात. शेवटी केला तर आधीचं सगळं परत करावं लागतं, कारण पट्टे बाहेर सरकवले की त्यांचा खांद्यावरचा रस्ता बदलतो आणि उंची-लांबी दोन्हीचं गणित हलतं.

सगळ्यात आधी सगळे पट्टे सैल करा. खांद्याचे, कमरेचा, छातीचा आणि खांद्यावरून सॅकच्या वरच्या कडेला जाणाऱ्या त्या दोन छोट्या पट्ट्याही, ज्यांना लोड लिफ्टर म्हणतात. काहीही ताणलेलं नको.

आता रिकामी सॅक घाला, हलकेच ओढा आणि आरशात बघा. मानेची कातडी आणि पट्ट्याची आतली कड यात तुमचं एक बोट आडवं आरामात जायला हवं. मान डावीकडे-उजवीकडे वळवा, खांदे कानापर्यंत उचला. खांदे उचलताना पट्टा मानेला टेकला तर अंतर कमी आहे. हात पुढे लांब करून छातीसमोर जोडल्यावर पट्टा बाहेर घसरायला लागला तर अंतर जास्त आहे.

सॅक काढा. वेल्क्रोवाली असेल तर फूटपट्टी वेल्क्रोच्या दोन थरांमध्ये सरकवत न्या आणि मग पट्टा उचला. नुसता हिसका मारून ओढलं तर वेल्क्रोची शिलाई उसवते, आणि परत बसवतानाही फूटपट्टी मध्ये नसली तर नको तिथे चिकटून बसतं. पट्टा दोन्ही बाजूंना सारखा, एकावेळी १ सेंटिमीटर सरकवा. जास्त नाही. १ सेंटिमीटर ऐकायला किरकोळ वाटतं, पण दोन्ही बाजूंनी मिळून २ होतात आणि मानेला ते लगेच कळतं.

सॅकच्या मधोमध खडूने उभी रेघ मारून ठेवा आणि दोन्ही पट्ट्यांचं अंतर त्या रेघेपासून टेपने मोजा. नजरेने नाही! डोळ्यांना सरळ वाटणारे पट्टे टेपवर दीड सेंटिमीटर वाकडे निघतात, हे मी बऱ्याच सॅकमध्ये बघितलंय. आणि पट्टे समांतर बसवू नका, वर जाताना किंचित बाहेर झुकलेले हवेत, उघड्या व्हीसारखे. एकदम सरळ उभे बसवले की आतली कड मानेला लागते, मग अंतर कितीही वाढवा.

सावधान: छातीचा पट्टा हा अंतर लावायचा पट्टा नाही. तो पट्ट्यांना फक्त आत ओढू शकतो, बाहेर ढकलू शकत नाही. घसरणाऱ्या पट्ट्यांना त्याचा उपयोग होतो, पण मानेला घासत असेल तर छातीचा पट्टा आवळल्यावर त्रास दुप्पट होतो. "छातीचा लाव, सगळं फिट बसतं" हा सल्ला अर्ध्याच लोकांना लागू पडतो, आणि देणारा कधी विचारत नाही की तू कुठल्या अर्ध्यातला.

टप्पा ३: पाठीची उंची

टप्पा १ मधलं पाठीचं माप आता वापरा. कमरेचा पट्टा कमरेच्या हाडावर असताना खांद्याचे पट्टे पॅनेलला जिथे जोडलेत ती जागा मानेच्या मणक्याच्या खुणेपेक्षा साधारण ३ ते ५ सेंटिमीटर खाली यायला हवी. म्हणजे पट्टा तिथून निघून खांद्यावर चढतो आणि पुढे उतरतो, मध्ये हवा राहत नाही.

जोड खांद्याच्या वर गेला तर पट्टा आणि खांदा यात फट दिसते, वजन सगळं कमरेवर आणि सॅक मागे डुलते. फार खाली गेला तर पट्टा खांद्याला वरून खाली दाबतो, संध्याकाळी खांदे असे दुखतात की शर्ट काढवत नाही.

उंची बदलताना टप्पा २ मधलं अंतर हलणार नाही याची काळजी घ्या. यासाठीच अंतर लावून झाल्यावर वेल्क्रोच्या कडेला आत मार्करने रेघ मारून ठेवायची. खडू पुसला जातो, मार्कर राहतो.

टप्पा ४: आता वजन भरा

तांदळाची गुंडाळी पाठीच्या बाजूला, सॅकच्या मध्यावर. बाटल्या तिच्या वर, पण पाठीलगतच. तळाला हलकं काहीतरी, स्लीपिंग बॅग किंवा दोन स्वेटर. जड वस्तू बाहेरच्या खिशात गेली की सॅक तुम्हाला मागे ओढते, मग तुम्ही ते पट्टे ओढून भरून काढायला जाता, आणि मग म्हणता ॲडजस्टमेंट जमत नाही.

टप्पा ५: पहिला कमरेचा

सॅक घाला. खांदे जरा उचलून कमरेचा पट्टा अशा जागी लावा की कमरेच्या हाडाची वरची कड पट्ट्याच्या रुंदीच्या मधोमध येईल. बक्कल लावा, ओढा, खांदे सोडा. खांद्याचे पट्टे अजून सैलच आहेत, तरी सॅक खाली सरकत नाही? मग बरोबर.

लोक हा पट्टा पोटावर बांधतात. पोटावर बांधला की श्वास कोंडतो, चढावर जेवण वर येतं आणि वजन काही तो घेत नाही, कारण खाली टेकायला हाडच नाही. काही जण पँटच्या बेल्टच्या बक्कलवर बांधतात, मग अर्ध्या तासात तिथे वळ. ट्रेकला बेल्ट नकोच, नाडीवाली पँट घाला.

टप्पा ६: खांद्याचे, आणि इथे हात आवरा

दोन्ही टोकं एकदम धरून खाली आणि मागे ओढा, पट्टा खांद्याला सगळीकडे टेकला की थांबा. इथे थांबायचं म्हणजे थांबायचं. बहुतेक वजन कमरेवर आहे, खांद्याचे पट्टे सॅक पाठीला धरून ठेवायला आहेत, उचलायला नाहीत.

पट्ट्याची फोमची गादी काखेच्या खाली वितभर नाही पण चार-पाच बोटं तरी जायला हवी. बक्कल काखेतच येत असेल तर पट्टे तुमच्यासाठी आखूड आहेत किंवा पाठीची उंची कमी झालीये, टप्पा ३ ला परत जा.

चेक: सोबतच्याला बाजूने बघायला सांगा. खांद्याच्या मागे पट्टा आणि पाठ यात बोट घुसतंय का? घुसत असेल तर उंची एक घर खाली.

टप्पा ७: लोड लिफ्टर, मग छातीचा

लोड लिफ्टर बाजूने बघितल्यावर साधारण ४५ अंशात वर जाताना दिसायला हवा. हलका ताण द्या, तानपुऱ्याची तार करू नका. फार ओढला तर खांद्याचा पट्टा समोरून वर उचलला जातो. सपाट रस्त्यावर थोडा सैल, चढाला थोडा ताठ. हरिहरच्या त्या उभ्या पायऱ्यांवर तर तो ताठच हवा, तिथे हात खोबण्यांत अडकलेले असतात आणि सॅक मागे झुकली की ती तुम्हालाही मागे घेऊन जाते. पायऱ्यांच्या खाली उभं राहून लिफ्टर ओढून घ्या, मध्यावर थांबून नाही, मागे रांग असते.

छातीचा पट्टा गळ्याच्या हाडाखाली तीन-चार बोटं. बहुतेक सॅकमध्ये तो वर-खाली सरकतो. बायकांनी आपल्या सोयीने आणखी वर घ्यायला हरकत नाही, फक्त गळ्यावर येऊ देऊ नका. लावल्यावर पूर्ण श्वास घ्या, छाती फुगायला अडत असेल तर सैल करा. आणि परत एकदा मानेजवळ एक बोट घालून बघा, टप्पा २ मधली जागा अजून आहे ना? नसेल तर छातीचा पट्टा जास्त आवळलाय.

टप्पा ८: चालून बघा, घरातल्या घरात नाही

बिल्डिंगचे जिने वर-खाली १०-१५ मिनिटं, किंवा जवळ असाल तर पांडवलेणीच्या पायऱ्या, तिथे चढ आणि उतार दोन्ही मिळतं. नंतर टीशर्ट काढून आरशात वळ बघा, ते खोटं बोलत नाहीत. मानेच्या उतारावर लाल रेघ असेल तर अंतर वाढवा. खांद्याच्या टोकाला असेल तर कमी करा. खांद्यावर मधोमध रुंद, फिकट पट्टा दिसला तर जमलं. काखेच्या पुढच्या बाजूला घासलं असेल तर पट्ट्यांचं खालचं टोक बघा, ते बॅगेच्या मध्याकडे फार आत जोडलेलं असलं की पट्टा काखेतून घासत जातो.

बोटांना मुंग्या आल्या किंवा हात बधिर झाला तर तिथेच सॅक उतरवा. खांद्यावरून हातात जाणाऱ्या नसा दबतात, हे "सवय होईल" प्रकारातलं नाही. सॅक काढून ठेवल्यावरही बधिरपणा राहिला तर डॉक्टरांना दाखवा.

एकावेळी एकच गोष्ट बदला. अंतरही बदललं, उंचीही बदलली आणि बरं वाटलं, तर कशामुळे ते कळत नाही, आणि पुढच्या वेळी सॅक धुऊन परत लावताना सगळं पहिल्यापासून.

शिवलेल्या पट्ट्यांची बॅग असेल तर

पट्टे एकमेकांपासून लांब असतील, म्हणजे घसरत असतील, तर सोपं आहे. सुटा छातीचा पट्टा मिळतो, दोन्ही पट्ट्यांना अडकवायचा. शिलाईची गरज नाही.

पट्टे एकमेकांच्या जवळ असतील तर मात्र उसवूनच शिवावं लागतं. बॅग-चेन रिपेअरिंगवाले शालीमार, रविवार कारंजा भागात बसतात, पण "काका, पट्टे जरा बाहेर घ्या" एवढं सांगून बॅग देऊन येऊ नका. माझ्या ऑफिस बॅगचं मी असंच केलं होतं. परत मिळाली तेव्हा दिसायला झकास, आणि आठव्या दिवशी सीबीएस बसस्टँडवर बस पकडताना उजवा पट्टा हातात. नुसती एक सरळ शिलाई मारली होती, तीही जुन्याच भोकांवरून. चूक माझीही होती, मी काही सांगितलंच नव्हतं. आता बॅग देताना हे सांगतो:

१. किती बाहेर घ्यायचं ते खडूने खूण करून द्या, दोन्ही बाजूंना, मधल्या रेघेपासून मोजून. शिवलेल्या बॅगेत बहुधा दीड-दोन सेंटिमीटरच्या पुढे जायला जागाच नसते, कडेला चेन येते.

२. नवीन शिलाई जुन्या भोकांच्या ओळीवर नको. आधीच सुईची भोकं पडलेल्या ओळीवर परत शिवलं की कापड टपाल तिकिटासारखं फाटतं. निदान अर्धा सेंटिमीटर तरी बाजूला.

३. पट्ट्याचं टोक शिलाईच्या आत किमान १ इंच गेलंच पाहिजे, आणि आतून जाड कापडाचं किंवा नवार पट्टीचं ठिगळ हवं. नुसत्या अस्तरावर शिवलेला पट्टा लॅपटॉपचं वजन पेलत नाही.

४. चौकोन आणि त्यात फुली, अशी शिलाई. एक सरळ रेघ नको.

५. दोरा नायलॉन किंवा पॉलिस्टरचा. सुती दोरा इगतपुरीच्या एका पावसाळ्यात कुजतो.

६. पट्टे उसवल्यावर डावा-उजवा अदलाबदल होऊ देऊ नका. आकार दिलेले पट्टे आत वळलेले असतात, उलटे लागले की काहीच करून बसत नाहीत. उसवायच्या आधी फोटो काढून ठेवा.

नवार पट्टीचं टोक कापलं असेल तर मेणबत्तीवर हलकं वितळवून घ्या, नाहीतर धागे सुटत राहतात. वितळलेल्या टोकाला लगेच बोट लावू नका, सांगायची गरज नाही पण मी लावलंय.

घरी आणल्यावर पाठीवर टाकायच्या आधी आत ७-८ किलो भरून एका पट्ट्यावर दाराच्या मागच्या मजबूत हुकला रात्रभर टांगा, दुसऱ्या दिवशी दुसऱ्यावर. शिलाई उसवायची असेल तर घरातच उसवू दे.

मुलांचं दप्तर

इथे चूक उलटी होते. "वाढत्या अंगाचं आहे" म्हणून आई-बाबा मोठं दप्तर घेतात, पट्टे मुलाच्या खांद्याच्या टोकावर येतात आणि पोर पुढे वाकून चालतं. टप्पा १ आणि २ मुलावरही तसेच करा, फक्त तुमच्या बोटाऐवजी त्याचंच बोट वापरा. दप्तराचा तळ कमरेच्या खाली लोंबता कामा नये. वजनाचं म्हणाल तर केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणात पहिली ते दहावीसाठी मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांची मर्यादा आहे, म्हणजे ३० किलोच्या मुलाला ३ किलो. वजनकाटा घरी नसेल तर किराणा दुकानात लटकवून बघा, दुकानदार हसेल पण मोजून देईल. आणि दोन्ही खांद्यांवर घ्यायला लावा, एका खांद्यावर दप्तर टाकलं की अंतर-बिंतर सगळं वाया.

डफल, सॅडलबॅग आणि ट्रंकेचे पट्टे

पाठीवर घेता येणाऱ्या डफलचे पट्टे बहुधा फार लांब-लांब असतात, त्यांना सुटा छातीचा पट्टा लावा. तेवढ्यावर पंचवटी एक्स्प्रेसच्या गर्दीत नाशिकरोडहून मुंबई निघते.

बाइकच्या सॅडलबॅगला सीटवरून जाणारे दोन वेल्क्रोचे पट्टे असतात. ते जेवढे लांब सोडाल तेवढी बॅग खाली लोंबते आणि सायलेन्सरला टेकते. पट्टे आखूड करा, बॅग आणि सायलेन्सर यात निदान एक वीत ठेवा, आणि घरून निघून दहा-पंधरा किलोमीटर झाले की थांबून हात लावून बघा. भरलेल्या बॅगेने पट्टे ताणले जातात.

सुटकेसला बाहेरून दोन पट्टे बांधायचे असतील तर दोन्ही मधोमध जवळजवळ नको. लांबीचे तीन भाग करा आणि दोन जोडांवर एक-एक पट्टा. मध्ये बांधले तर दोन्ही टोकं फुगतात. ओझरहून विमानाने जाणार असाल तर पट्ट्यांची लोंबती टोकं गुंडाळून टेप लावा, सामान वाहणाऱ्या सरकत्या पट्ट्यावर अडकून तुटतात ती हीच.

पावसाळ्यात वेल्क्रो

चिखल आणि गवताची कुसं वेल्क्रोत बसली की ते धरत नाही, आणि मग चालता चालता अंतर आपोआप बदलतं, सकाळी बरोबर लावलेली सॅक दुपारी चावायला लागते. ट्रेकवरून आलं की जुन्या टूथब्रशने हुकांच्या बाजूची घाण काढा, साध्या पाण्याने धुवा, सावलीत वाळवा. वाळवताना वेल्क्रो चिकटवूनच ठेवा, उघडं ठेवलं तर घरातले केस, धागे सगळं त्यातच. धुवायच्या आधी मार्करची रेघ दिसतेय का बघून घ्या, फिकट झाली असेल तर आधी परत मारा आणि मगच पट्टा सोडवा.